डर्ट बाइक आणि एटीव्हीचे सुटे भाग: विशेष दुकानातून योग्य नग कसा घ्यावा

रस्त्यावरच्या साध्या मोटारसायकलीचा ब्रेक शू संपला, तर तालुक्याच्या कोणत्याही दुकानात गाडीचे नाव सांगून नवा मिळतो. मातीत आणि चिखलात चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत केवळ नावावर काम भागत नाही. एकाच नावाच्या गाडीचे दोन वर्षांतले इंजिन वेगळे असते, आयात केलेल्या गाडीचा कागदच हरवलेला असतो, आणि फार्महाउसवर ठेवलेल्या एटीव्हीच्या (जाड टायरांच्या, हँडलच्या चारचाकी मैदानी गाडीच्या) टाकीवरचे नाव कुठल्याही निर्मात्याचे नसून केवळ विक्रेत्याने चिकटवलेले असते. अशा गाड्यांचे भाग ठेवणारी दुकाने कमी आहेत, पण आहेत, आणि त्यांच्याकडे अनुभवही चांगला असतो. मात्र त्या अनुभवाचा उपयोग ग्राहकाला तेव्हाच होतो, जेव्हा तो काउंटरवर जाण्यापूर्वी आपली गाडी आणि आपला बिघडलेला नग नीट ओळखून आलेला असतो. चुकीची खरेदी बहुतेक वेळा दुकानात होत नाही. ती घरून निघतानाच झालेली असते.

महाराष्ट्रात अशा गाड्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग दिसतात. पहिल्या वर्गात रस्त्यावर नोंदणी होणाऱ्या आणि कच्च्या वाटेवरही चालणाऱ्या गाड्या येतात, उदाहरणार्थ २०१९ साली आलेली हीरो एक्सपल्स २०० किंवा २०१६ पासूनची रॉयल एन्फिल्ड हिमालयन. यांचे बहुतेक भाग कंपनीच्या अधिकृत वितरकांकडे मिळतात. दुसऱ्या वर्गात निव्वळ स्पर्धेच्या किंवा बंदिस्त मैदानावरच्या गाड्या आहेत: कावासाकीच्या केएक्स आणि केएलएक्स १४०, सुझुकीची आरएम-झेड, आणि केटीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात आणलेली एसएक्स व ईएक्ससी मालिका. यांच्या भागांचा साठा थोडा असतो आणि अनेक नग मागणी नोंदवून मागवावे लागतात. तिसरा वर्ग एटीव्हींचा. त्यात पोलारिससारख्या मोठ्या निर्मात्याच्या गाड्या आहेत, तसेच लोणावळा, पाचगणी आणि कोकणातल्या रिसॉर्टवर फिरणाऱ्या ११० ते १२५ सीसीच्या चिनी बनावटीच्या गाड्याही आहेत. आपली गाडी कोणत्या वर्गात बसते यावरून कोणत्या दुकानाची पायरी चढायची हे ठरते.

गाडीची ओळख कागदावर आणावी

पहिली पायरी म्हणून गाडीची एक नोंद तयार करावी आणि ती मोबाइलमध्ये कायम ठेवावी. तिच्यात चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक, निर्मितीचे वर्ष आणि गाडीत आधी केलेले बदल लिहावेत. आधुनिक चॅसी क्रमांक १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ व क्यू ही अक्षरे वापरली जात नाहीत. तेव्हा कोरलेल्या क्रमांकात गोल आकार दिसला तर तो शून्यच समजावा. मातीत चालणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंग नेकवर (हँडल जेथे फिरते त्या चौकटीच्या नळीवर) चिखलाचे थर बसलेले असतात, म्हणून तो भाग कापडाने व रॉकेलने पुसून क्रमांकाचा स्पष्ट फोटो काढावा. तोंडी सांगितलेल्या क्रमांकापेक्षा फोटो केव्हाही भरवशाचा.

वर्षाची नोंद महत्त्वाची का, हे एक्सपल्सच्या उदाहरणावरून समजते. या गाडीत सुरुवातीला दोन व्हॉल्व्हचे इंजिन होते आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चार व्हॉल्व्हची आवृत्ती आली. दोन्हींचे नाव एक्सपल्स २००, दोन्हींचे माप २०० सीसी. पण सिलिंडर हेड, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह हे भाग एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. ‘एक्सपल्सचे हेड गॅस्केट द्या’ एवढीच मागणी करणाऱ्याला दुकानदाराने उलट प्रश्न विचारला नाही, तर ते दुकान बदलावे असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढची गोष्ट म्हणजे भाग क्रमांक. हीरो, कावासाकी, केटीएम, पोलारिस अशा निर्मात्यांच्या गाड्यांच्या भागांचे सचित्र कॅटलॉग असतात. त्यात गाडीचा प्रत्येक विभाग सुटा सुटा करून दाखवलेला असतो आणि प्रत्येक नगासमोर क्रमांक असतो. हवा असलेला नग चित्रात शोधून तो क्रमांक उतरवून घ्यावा. कधी कधी जुना क्रमांक रद्द होऊन त्याजागी नवा येतो, त्यामुळे दुकानात मिळालेल्या पुड्यावर वेगळा क्रमांक दिसला म्हणून लगेच शंका घेऊ नये. जुन्याऐवजी नवा लागू झाल्याची नोंद कॅटलॉगमध्ये दाखवण्याची विनंती करावी. त्याच चित्रात आजूबाजूचे वॉशर, ओ-रिंग आणि सर्क्लिप दिसतात. इंजिनाचे एक झाकण उघडायचे तर गॅस्केट आणि दोन ओ-रिंग त्याच दिवशी घेतलेल्या बऱ्या, नाहीतर दहा रुपयांच्या रबरासाठी गाडी आठवडाभर उघडी पडते.

चिनी एटीव्ही आणि पिट बाइकसाठी (लहान आकाराच्या डर्ट बाइकसाठी) कॅटलॉग बहुधा मिळत नाही. तेथे टाकीवरचे नाव विसरून इंजिनावरचा संकेत वाचावा. १५२एफएमएच, १५७एफएमआय, १६२एफएमजे असे संकेत क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या कवचावर) कोरलेले असतात. त्यातला पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, पुढचे दोन आकडे म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचे मिलिमीटरमधले ढोबळ माप, एफ म्हणजे हवेने थंड होणारे इंजिन, एम म्हणजे मोटारसायकलीसाठीचे, आणि शेवटचे अक्षर क्षमतेचा गट दाखवते: एच साधारण ११० सीसी, आय १२५, जे १५०, एल २००. यांतली अनेक आडवी इंजिने होंडाच्या जुन्या कब इंजिनाच्या धर्तीवर बनलेली आहेत, म्हणून वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत एकच कार्ब्युरेटर किंवा एकच क्लच बसलेला आढळतो. मात्र ‘साधारण सारखेच असते’ या शब्दांवर पैसे देऊ नयेत. स्टडमधले अंतर, शाफ्टचे दाते आणि वायरच्या कनेक्टरमधल्या पिना मोजूनच नग घ्यावा.

मापे: व्हर्निअर कॅलिपरचा तास

बारीक मापे घेणारे साधे डिजिटल व्हर्निअर कॅलिपर घरी असावे. खरेदीपूर्वीचा एक तास त्याच्यावर घालवला, तर दुकानाच्या दोन फेऱ्या वाचतात. कोणत्या नगाचे काय मोजायचे हे नगागणिक बदलते, आणि सर्वाधिक घोटाळे जेथे होतात त्या चेनपासून सुरुवात करणे योग्य.

चेनचा क्रमांक तिच्या पट्टीवर कोरलेला असतो: ४२०, ४२८ किंवा ५२०. पहिला आकडा पिनपासून पिनपर्यंतचे अंतर सांगतो. ४२० आणि ४२८ या दोन्हींचे अंतर १२.७ मिलिमीटर आहे, त्यामुळे नवी चेन हातात धरून जुनीवर ठेवली की दोन्ही तंतोतंत जुळल्यासारख्या वाटतात. फरक आतल्या रुंदीत आहे: ४२० ची रुंदी सुमारे ६.३५ मिलिमीटर, तर ४२८ ची सुमारे ७.९४. अरुंद चेन रुंद स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चकतीवर) बसत नाही आणि रुंद चेन अरुंद स्प्रॉकेटवर बसते खरी, पण डावी-उजवीकडे खेळत राहते व दाते खाते. लहान एटीव्हीत ही चूक नेहमीची आहे. ५२० चेनचे अंतर १५.८७५ मिलिमीटर असून मोठ्या स्पर्धेच्या गाड्यांत ती सर्रास असते.

चेन बदलायची वेळ आली आहे का, तेही मोजून ठरवावे. चेन ताणून धरावी आणि २० कड्यांची लांबी पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत घ्यावी. नव्या ५२० मध्ये ती ३१७.५ मिलिमीटर आणि नव्या ४२० किंवा ४२८ मध्ये २५४ मिलिमीटर भरते. गाडीच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असेल तर ती पाळावी. नसेल, तर दोन टक्क्यांच्या आसपास वाढ झाली की चेन संपली असे धरावे. ताणलेल्या चेनबरोबर दोन्ही स्प्रॉकेटही झिजलेले असतात. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घातली तर ती लवकर ताणली जाते, म्हणून तिन्ही नग एकत्र घेण्यातच शेवटी बचत आहे. स्प्रॉकेटसाठी दात्यांची संख्या, बोल्टची संख्या, मधल्या छिद्राचा व्यास आणि समोरासमोरच्या बोल्टच्या केंद्रांमधले अंतर, अशी चार मापे लिहून न्यावीत. चेनच्या एकूण कड्या मोजायला विसरू नये.

दात्यांची संख्या बदलण्याचा मोह अनेकांना होतो. चढाला जोर हवा असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा एक दाता कमी करतात. १३ आणि ३९ दात्यांच्या जोडीचे गुणोत्तर ३ येते. पुढे १२ केले की ते ३.२५ होते, म्हणजे मागे तीन दाते वाढवण्याइतका परिणाम पुढच्या एका दात्याने होतो. पुढचे स्प्रॉकेट स्वस्त असल्याने प्रयोग तेथेच करावा. मात्र पुढचे स्प्रॉकेट लहान झाले की चेन स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला अधिक घासते. ती पट्टी तपासून, लागल्यास त्याच खरेदीत घ्यावी.

बेअरिंगच्या बाबतीत गाडीचे नाव सांगण्याचीही गरज नसते. त्याच्या कडेवरचा क्रमांक जगभर एकच अर्थ सांगतो. ६२०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा ३५ आणि जाडी ११ मिलिमीटर. ६२०३ म्हणजे १७, ४० आणि १२. ६२०४ म्हणजे २०, ४७ आणि १४. क्रमांकामागे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणे. चिखलातल्या चाकांसाठी रबरी सीलचेच बेअरिंग घ्यावे, कारण पत्र्याच्या झाकणातून पाणी आत जाते. इंजिनाच्या बेअरिंगवर सी३ लिहिलेले असेल तर नवेही सी३ च हवे. ते अक्षर आतल्या मोकळिकीचे आहे. चाकाची बेअरिंगे वाहनांच्या दुकानाऐवजी बेअरिंगच्या स्वतंत्र दुकानातून घेतली तर निवड जास्त मिळते. एसकेएफसारख्या मोठ्या नावांची बनावट मात्र मोठ्या प्रमाणावर होते, म्हणून फार स्वस्त मिळणारे बेअरिंग घेण्याचे टाळावे.

ऑइल सीलवरही तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. एक्सपल्सच्या पुढच्या शॉकअपचा दांडा ३७ मिलिमीटरचा आहे, तर मोठ्या स्पर्धेच्या गाड्यांत तो ४८ किंवा ४९ पर्यंत जातो. सील घेताना त्याच्यावर बसणारे धुळीचे सीलही घ्यावे. दांड्यावर खरचटले असेल तर आधी ते बोटाच्या नखाने तपासावे. नख अडकत असेल, तर नवे सील काही फेऱ्यांतच पुन्हा गळू लागते आणि दोष विनाकारण दुकानाच्या माथी बसतो.

स्पार्क प्लगचा संकेत वाचता आला की पर्यायी नग शोधणे सोपे जाते. एनजीकेच्या सीपीआर८ईए-९ या प्लगमध्ये सी म्हणजे १० मिलिमीटरचे आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, ८ म्हणजे उष्णतेची श्रेणी, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे आणि शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिलिमीटरची फट. या कंपनीच्या श्रेणीत आकडा जितका मोठा तितका प्लग अधिक थंड. आट्यांची लांबी चुकली तर प्लगचे टोक पिस्टनला लागू शकते, त्यामुळे इतर काही चालवून घेतले तरी ही चूक मुळीच चालवून घेऊ नये.

टायरची मापे दोन पद्धतींनी लिहिलेली असतात. एटीव्हीच्या टायरवर २५×८-१२ असे असेल तर बाहेरचा व्यास २५ इंच, रुंदी ८ इंच आणि रिम १२ इंचाची. लहान गाड्यांवर १४५/७०-६ असेही दिसते; त्यात १४५ हे रुंदीचे मिलिमीटर, ७० हे उंचीचे रुंदीशी प्रमाण आणि ६ हे रिमचे इंच. स्पर्धेच्या मोठ्या मोटारसायकलीत पुढे २१ आणि मागे १८ किंवा १९ इंचांची रिम असते, आणि १८ व १९ मधली गल्लत महागात पडते. टायरच्या कडेवरचे चार आकडे, उदाहरणार्थ २३२४, म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. खप कमी असलेल्या टायरचे जुने नग दुकानात पडून राहतात आणि रबर कडक होते, म्हणून ती तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ट्यूबच्या गाडीसाठी जाड ट्यूब आणि रिमलॉक (टायर रिमवर घट्ट धरणारा तुकडा) त्याच वेळी मागावेत.

दुकान कसे निवडावे

पुण्यात नाना पेठ ही दुचाकींच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. तेथे केबल, ब्रेक शू, बेअरिंग, नट-बोल्ट, हँडल अशा चालू नगांची निवड आणि भाव दोन्ही चांगले मिळतात. पण केएक्सचा पिस्टन किंवा पोलारिसचा व्हेरिएटर बेल्ट (गिअर न बदलता गाडी चालवणारा पट्टा) तेथे सरसकट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी अधिकृत वितरक किंवा ऑफरोड गाड्यांचीच दुरुस्ती करणारे गॅरेज गाठावे लागते. पुणे आणि नाशिक येथे मोटोक्रॉसची परंपरा जुनी आहे, आणि २०२४ साली इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरीही पुण्यात बालेवाडीलाच झाली. जेथे स्पर्धक राहतात आणि सराव करतात, तेथेच त्यांचे मेकॅनिक आणि त्यांना माल पुरवणारे लोक असतात. सरावाच्या मैदानावर जाऊन ‘तुम्ही क्लच प्लेट कुठून घेता?’ असे विचारणे, हा दुकान शोधण्याचा उत्तम मार्ग आहे.

चांगल्या विशेष दुकानाची खूण मोठ्या पाटीवरून कळत नाही. ते ग्राहकाला प्रश्न विचारते. वर्ष कोणते, गाडी किती तास चालली, आधी काय बदलले, चिखलात चालवता की धुळीत, असे विचारणारा माणूस आपले नुकसान होऊ देत नाही. दुसरी खूण म्हणजे किरकोळ वस्तूंचा साठा. चेनची जोडकडी, कॉटर पिन, तांब्याचे वॉशर, कार्ब्युरेटरच्या जेट, अशा कमी नफ्याच्या वस्तू जो ठेवतो, तो केवळ चकचकीत हँडलगार्ड विकायला बसलेला नाही. तिसरी गोष्ट, ‘हा नग माझ्याकडे नाही, अमुक ठिकाणी मिळेल’ असे सांगणारा दुकानदार जपावा.

जाण्यापूर्वी फोन करावा, नोंदीतले फोटो पाठवावेत आणि नग हातात आहे की मागवावा लागेल हे विचारून घ्यावे. शनिवारी संध्याकाळी गर्दीत कॅटलॉग उघडायला कोणालाच सवड नसते. कामाच्या दिवशी दुपारच्या आधी गेले तर निवांत बोलणे होते. शक्य असेल तेथे जुना नग पुसून, पिशवीत घालून बरोबर न्यावा. क्लच प्लेटसारखा संच असेल तर त्यांचा क्रम आणि एकूण संख्या लिहून न्यावी.

काउंटरवरचे संभाषण

‘ओरिजिनल आहे का?’ या प्रश्नाला नेहमी होकारच मिळतो, म्हणून तो विचारण्यात अर्थ नाही. त्याऐवजी ‘हा कोणत्या कंपनीचा आहे आणि मूळ पुडा दाखवाल का?’ असे विचारावे. बाजारात माल चार प्रकारचा असतो. एक, गाडीच्या निर्मात्याच्या नावाने पुड्यात बंद असलेला. दोन, त्याच निर्मात्याला भाग पुरवणाऱ्या कंपनीचा, पण स्वतःच्या नावाने विकला जाणारा. अनेकदा पहिल्याइतकाच चांगला आणि काहीसा स्वस्त. तीन, स्वतंत्र कंपनीचा पर्यायी नग, ज्याची प्रत कंपनीगणिक बदलते आणि काही वेळा मूळ नगापेक्षाही सरस असते. चार, नावच नसलेला किंवा दुसऱ्याचे नाव चोरलेला.

पैसे कोठे वाचवावेत याबाबत दुकानदाराशी मोकळेपणाने बोलावे. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, हँडलच्या मुठी, प्लास्टिकचे मडगार्ड या वस्तू पडझडीत तुटायच्याच असतात. त्यांत पर्यायी स्वस्त नग घेण्यात काही गैर नाही, आणि लिव्हर तर दोन घेऊन एक बॅगेत ठेवावा. याउलट ब्रेक पॅड, चाकाचा एक्सल, पिस्टन, एटीव्हीच्या स्टिअरिंगचे टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट यांत स्वस्ताई शोधू नये. टाय रॉड एंड घेताना आणखी एक काळजी हवी: रॉडच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात. दोन्ही उजवे घेऊन आलेला माणूस पुन्हा दुकानात येतोच. त्यांच्या नटासाठी नव्या कॉटर पिन घ्याव्यात, जुन्या सरळ करून वापरू नयेत.

ब्रेक पॅड दोन प्रकारचे मिळतात. सेंद्रिय पॅड मऊ असतात आणि डिस्कला सांभाळून घेतात; पण कोकणातल्या तांबड्या चिखलात पाणी आणि बारीक खडीमुळे ते भराभर झिजतात. सिंटर्ड म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड अशा वेळी जास्त टिकतात, मात्र डिस्क थोडी अधिक खातात. पावसाळ्यात चालवणाऱ्याने सिंटर्ड घ्यावेत, आणि डिस्कवर कोरलेली किमान जाडी कॅलिपरने मोजून ती संपलेली नाही याची खात्री आधी करावी.

पिस्टन मागण्यापूर्वी सिलिंडर कोणत्या प्रकारचा आहे हे जाणून घ्यावे. साध्या गाड्यांच्या आणि बहुतेक चिनी इंजिनांच्या लोखंडी स्लीव्हला बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन बसवता येतो. स्पर्धेच्या गाड्यांच्या सिलिंडरवर निकेलयुक्त कठीण लेप असतो; त्याला नेहमीप्रमाणे बोअर करता येत नाही, लेप उडाला असेल तर तो पुन्हा चढवून घ्यावा लागतो किंवा सिलिंडर बदलावा लागतो. हे न सांगता केवळ मोठा पिस्टन विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नये.

द्रवांच्या बाबतीत घाई नको. इंजिन ऑइलमध्येच क्लच भिजलेला असणाऱ्या गाड्यांना जेसो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ दर्जाचे ऑइल लागते. एमबी दर्जाचे किंवा मोटारीचे घातले तर क्लच घसरू शकतो. ब्रेक फ्लुइड मात्र गाडीवरच्या त्याच्या डबीच्या झाकणावर जे लिहिले आहे तेच घ्यावे. डॉट ४ च्या जागी डॉट ५ चालत नाही, कारण ५ सिलिकॉनचे असते. काही जुन्या केटीएम गाड्यांच्या हायड्रॉलिक क्लचमध्ये मिनरल ऑइल असते. तेथे ब्रेक फ्लुइड गेले की सील फुगून निकामी होतात.

सीडीआय (प्लगची ठिणगी नियंत्रित करणारी डबी), स्टेटर (वीज निर्माण करणाऱ्या कॉइलचा संच), रेक्टिफायर (ती वीज बॅटरीयोग्य करणारा भाग) यांसारखे विद्युत भाग बहुतेक दुकाने परत घेत नाहीत, कारण तपासणीत ते जळाले की मुळातच सदोष होते हे सांगता येत नाही. म्हणून अंदाजाने सीडीआय बदलण्याची पद्धत सोडून आधी मल्टिमीटरने कॉइल, किल स्विच आणि जोडण्या तपासाव्यात. लहान एटीव्हींमध्ये सीडीआय दोन जातींची असते: एकीला मॅग्नेटोच्या कॉइलमधून वीज मिळते, दुसरीला बॅटरीतून. कनेक्टर सारखा दिसला तरी त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. दुकानात गाडी नेणे शक्य असेल, तर विद्युत नग तेथेच लावून गाडी सुरू करून पाहावी.

पुडा, बिल आणि परतीचा प्रश्न

बंद पुड्यावर कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा किंवा आयातीचा महिना व वर्ष, आणि आयात माल असेल तर आयातदाराचे नाव व पत्ता असणे कायद्याने अपेक्षित आहे. आयात नगावर केवळ परदेशी लेबल असेल आणि आयातदाराचा पत्ताच नसेल, तर तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न उरतो. बनावट मालात छपाईची अक्षरे पुसट असतात, होलोग्राम सपाट दिसतो, आणि नगाच्या कडा खरखरीत राहिलेल्या असतात. पण हल्ली बनावट पुडेही सफाईदार येतात, त्यामुळे जुना नग शेजारी ठेवून वजन, ओतकामाच्या खुणा आणि कोरलेला क्रमांक यांची तुलना करणे अधिक उपयोगाचे.

बिल पक्केच घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटीचा दर १८ टक्के आहे. त्याआधी बहुतांश भागांवर तो २८ टक्के होता. ‘बिलाशिवाय कमी लावतो’ हे आमिष महागड्या नगाच्या बाबतीत तरी नाकारावे, कारण हमीचा दावा बिलावरच उभा राहतो. बिलावर भाग क्रमांक लिहून घ्यावा, ‘केएक्स पिस्टन’ एवढाच मोघम उल्लेख चालू देऊ नये.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी पुष्कळ दुकानांत असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. मात्र हा हक्क सदोष मालाचा आहे. आपण चुकीचे वर्ष सांगून नेलेला, पुडा फाडून तेल लागलेला चांगला नग परत घेणे हे दुकानदाराच्या मर्जीवर असते. म्हणून न उघडलेला नग किती दिवसांत बदलून मिळेल हे आधीच विचारून बिलामागे लिहून घ्यावे. वाद मिटलाच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

मागवायच्या नगासाठी आगाऊ रक्कम द्यावी लागते. पावतीवर भाग क्रमांक, संख्या, अंदाजे किंमत, सीमाशुल्क किंमतीत धरले आहे की नाही, आणि माल न आल्यास पैसे केव्हा परत मिळतील, हे पाचही मुद्दे असावेत. स्पर्धेच्या गाड्यांचे देखभालीचे वेळापत्रक किलोमीटरमध्ये नसून तासांत असते. तेव्हा तास मोजणारे छोटे मीटर गाडीवर लावून, पिस्टनची वेळ येण्याच्या दीड-दोन महिने आधीच मागणी नोंदवावी.

रस्त्यावर नोंदणी असलेल्या गाडीसाठी सायलेन्सर किंवा तत्सम बदलाचे भाग घेणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात ठेवावे. निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत बदल त्याखाली येतात. दुकानदार ‘सगळेच लावतात’ असे म्हणेल, पण दंडाची पावती त्याच्या नावावर फाटत नाही.

घरी आणल्यावर

नग बसवण्यापूर्वी, पुड्याची मोडतोड न करता, जुन्याशी पुन्हा एकदा माप लावून पाहावे. चेनची जोडकडी क्लिपची असेल तर क्लिपचे बंद टोक चेन धावण्याच्या दिशेला ठेवावे. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला असावा. नवे ब्रेक पॅड लगेच जोराने वापरू नयेत. मध्यम वेगावरून हळूहळू अनेकदा ब्रेक लावून ते बसू द्यावेत. एक्सलचा नट, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट आणि स्प्रॉकेटचे बोल्ट पुस्तिकेतल्या मापाने टॉर्क रेंचने आवळावेत आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासावेत.

फोमचा एअर फिल्टर असलेल्या गाडीसाठी फोम दोन घ्यावेत: एक गाडीत आणि दुसरा धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावून पिशवीत तयार. पठारावरच्या हिवाळी धुळीत एका दिवसात फोम भरतो, आणि तो पेट्रोलने धुण्याची सवय आगीला आमंत्रण देणारी असून फोमचा चिकटाही सोडवते.

पावसाळ्यासाठीचा साठा मे महिन्यातच करून ठेवावा: ब्रेक पॅडचा एक संच, पुढच्या व मागच्या चाकाची बेअरिंगे आणि सील, चेनच्या दोन जोडकड्या, क्लच केबल, दोन लिव्हर, स्पार्क प्लग आणि मूठभर कॉटर पिन. व्हेरिएटर असलेल्या एटीव्हीसाठी त्यात बेल्ट वाढवावा. काढलेला जुना बेल्ट भेगा नसतील तर फेकू नये. तारीख लिहून हत्यारांच्या पेटीत ठेवावा, कारण डोंगरात बेल्ट तुटला तर तेवढ्या जुन्या बेल्टवर गाडी मुक्कामापर्यंत आणता येते.